सेवा क्लबचे उपक्रम आणि त्यांच्या बातम्या: एका नव्या सचिवाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला असा कळला: नव्या वर्षासाठी तुम्ही क्लबचं सचिवपद घेतलंय आणि वार्तापत्रही तुमच्याकडेच आलंय. उपक्रम भरपूर होतात, फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांना जातात, तरी परिसरातल्या माणसाला क्लब नेमकं काय करतो ते सांगता येत नाही. सभासदही हळूहळू गळताहेत. बातम्या कशा द्याव्यात, म्हणजे लोक वाचतील आणि जोडले जातील?

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबात सचिव, संपादक आणि नंतर प्रकल्प संचालक ही कामं मी बरीच वर्षं केली आहेत. बातमीची भाषा सुधारली, फोटो चांगले काढले, तर थोडा फरक पडेल. पण तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. क्लब ज्याची बातमी करतो, तेच तो पुढे करत राहतो. वाटपाच्या फोटोला पहिलं पान मिळालं, की पुढच्या महिन्यात आणखी एक वाटप ठरतं. पाठपुराव्याला वार्तापत्रात कधी जागाच मिळाली नाही, तर पाठपुरावा करायला कुणी हात वर करत नाही. वार्तापत्राचा संपादक हा म्हणूनच, त्याला जाणवो वा न जाणवो, क्लबचं धोरण ठरवणाऱ्यांपैकी एक असतो. तुम्हाला मिळालेली ही जबाबदारी फार मोलाची आहे, ती तशीच घ्या.

माझा मुख्य सल्ला एवढाच: प्रत्येक उपक्रमाच्या दोन बातम्या करा. पहिली त्याच दिवशी, चार ओळींची. दुसरी तीन महिन्यांनी, सविस्तर. आणि उपक्रम ठरवण्याच्या सभेतच विचारा, "तीन महिन्यांनंतरच्या बातमीत आपण काय लिहिणार आहोत?" या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो उपक्रम अजून पुरता ठरलेलाच नाही.

डोळ्यांच्या शिबिरापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक क्लब ते घेतात आणि तिथेच हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. 1925 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथे झालेल्या लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर या अंध आणि बहिऱ्या अमेरिकन लेखिकेने अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून दृष्टी हा सेवा क्लबांचा जिव्हाळ्याचा विषय झाला. शंभर वर्षांच्या या परंपरेत एक सवय मात्र चिकटून राहिली आहे: तपासलेल्या माणसांची संख्या सांगून थांबायचं. समजा तुमच्या शिबिरात 400 जणांची तपासणी झाली. त्यातल्या किती जणांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली? त्यांतले किती जण खरोखर रुग्णालयात पोहोचले? किती जणांची शस्त्रक्रिया झाली? आणि सहा आठवड्यांनी त्यांना किती दिसत होतं? ही साखळी शेवटपर्यंत लिहिली, तरच काम झालं की नाही ते कळतं.

शेवटचा आकडा मागायला क्लब कचरतात. डॉक्टरांना विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं वाटतं. तसं अजिबात नाही; चांगली नेत्ररुग्णालयं ही नोंद स्वतःच ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षानुवर्षं वापरलेला निकष असा होता, की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उपलब्ध चष्म्यासह निदान 80 टक्के डोळ्यांची नजर 6/18 किंवा त्याहून चांगली असावी. सामान्य नजरेच्या माणसाला जी ओळ 18 मीटरवरून वाचता येते, ती 6 मीटरवरून वाचता आली, तर ती नजर 6/18. सहयोगी रुग्णालयाशी बोलताना पहिल्याच बैठकीत सांगून टाका, की आम्हाला सहा आठवड्यांनंतरची नजर कळवा, रुग्णांची नावं नकोत, फक्त एकूण आकडे द्या. बहुतेक डॉक्टरांना याचा आनंदच होतो. त्यांच्या कामाची खरी मोजणी करणारं कुणी भेटलं, याचा.

आता मधली गळती पाहा. शस्त्रक्रिया सुचवली आणि माणूस गेलाच नाही, असं फार होतं. भीती, सोबत यायला कुणी नाही, कामाचा दिवस बुडतो, वाहन नाही, घरातल्यांना गरज वाटत नाही. शिबिरात शस्त्रक्रिया मोफत जाहीर केली तरी यातलं एकही कारण दूर होत नाही. इथे क्लबने पैशापेक्षा माणसं पुरवायची असतात. म्हणून दुसरी बातमी अशी लिहून पाहा: "शस्त्रक्रिया सुचवलेल्यांपैकी 11 जण अजून रुग्णालयात गेलेले नाहीत. त्यांतल्या सात जणांना सोबतीला कुणी नाही. पुढचे चार शनिवार प्रत्येकी दोन सभासद हवे आहेत." आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशी बातमी वाचून माणसं उठतात. "शिबिरास उदंड प्रतिसाद" वाचून कुणीच उठत नाही, कारण त्या मथळ्यानुसार करायला काही उरलेलंच नसतं.

राहून गेलेल्यांची नोंद किती मोठी गोष्ट आहे, हे पोलिओच्या मोहिमेने दाखवलं. रोटरीने 1979 मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरणाचं काम हाती घेतलं, 1985 मध्ये पोलिओप्लस ही रोटरीची जगभरची पोलिओविरोधी मोहीम सुरू झाली आणि 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी आणि रोटरी यांची संयुक्त जागतिक मोहीम उभी राहिली. त्या वेळी जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पोलिओने लुळी होत होती. पुढे हा आकडा 99 टक्क्यांहून अधिक खाली आला. घरोघरच्या फेऱ्यांमध्ये मुलाच्या बोटाला शाई लावायची आणि घरावर खूण करायची. ज्या घरात मूल भेटलं नाही किंवा डोस नाकारला गेला, त्या घराची खूण वेगळी. दुसऱ्या दिवशीचं सगळं काम त्या वेगळ्या खुणेवर चालायचं. किती डोस पाजले याला महत्त्व होतंच, पण मोहीम जिंकली गेली ती वेगळी खूण असलेल्या दारांवर पुन्हा पुन्हा जाऊन. तुमच्या वार्तापत्रात "राहून गेलेले" असा एक कायमचा स्तंभ ठेवा, असं मी प्रत्येक नव्या संपादकाला सांगतो.

रक्तदान शिबिरांची बातमी तर मुळातूनच बदलायला हवी. "विक्रमी संकलन" हा मथळा रक्तपेढीत काम करणाऱ्यांना अनेकदा चिंतेत टाकतो. लाल पेशी साठवणीच्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण पाचच दिवस. 14 जूनला, म्हणजे जागतिक रक्तदाता दिनाला, सगळ्या संस्थांनी एकाच दिवशी शिबिरं घेतली, की पिशव्या एकदम येतात आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तुटवडा पडतो. क्लबने रक्तपेढीला आधी तीन गोष्टी विचाराव्यात: तुमच्याकडे रक्त कमी कधी पडतं, एका दिवसात किती पिशव्यांचे घटक तुम्ही वेगळे करू शकता, आणि कोणत्या रक्तगटाची चणचण असते. त्यावरून वर्षभरात चार लहान शिबिरं ठेवली, तर एका मोठ्या शिबिरापेक्षा रुग्णांना त्यांचा कितीतरी जास्त उपयोग होतो. फोटोत गर्दी कमी दिसेल. दिसू दे.

शिबिरात ज्यांना रक्तदान न करताच परत पाठवलं जातं, त्यांच्याकडे तर कुणी पाहतच नाही. अनेक ठिकाणी दात्याचं हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर असावं लागतं. बाई उत्साहाने येते, तपासणीत ते कमी निघतं, "आज नको" असं सांगून तिला परत पाठवतात आणि तिची नोंद तिथेच संपते. खरं तर त्या सकाळी क्लबच्या हाताला एक महत्त्वाची माहिती लागलेली असते. तिला डॉक्टरांकडे जायला सांगणारी चिठ्ठी, तिची परवानगी असेल तर दोन महिन्यांनी एक फोन, एवढं केलं तरी त्या शिबिरातून किती पिशव्या मिळाल्या यापलीकडचं काहीतरी उभं राहतं. तीन महिन्यांनंतरच्या बातमीत हे नक्की यावं: परत पाठवलेल्यांपैकी किती जणांनी उपचार घेतले, आणि पहिल्यांदा रक्त दिलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले.

व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रं यांबाबत थोडक्यात सांगतो. एकाच मापाच्या खुर्च्या रांगेत मांडून वाटणं थांबवा. व्हीलचेअर माणसाच्या मापाची, त्याच्या घराला आणि रस्त्याला साजेशी आणि दुरुस्त करता येण्याजोगी असावी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट मांडलं आहे. चुकीच्या मापाच्या खुर्चीत दिवसभर बसून जखमा होतात, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला त्या जाणवतही नाहीत. कमी खुर्च्या द्या, पण माप घेऊन द्या. श्रवणयंत्राच्या बॅटरीचंही तसंच: ती संपल्यावर माणूस कुठे जाणार, हे देण्याच्या दिवशीच लिहून द्या.

वृक्षारोपणाची बातमी लावल्याच्या दिवशी छापूच नका, असं माझं मत आहे. एक उन्हाळा गेल्यावर किती जगली ते मोजा आणि तेव्हा छापा. शाळेतल्या जलशुद्धीकरण यंत्राचं थोडं अधिक लक्षपूर्वक पाहा. यंत्र बसवणं सोपं. गाळणी कोण बदलणार, त्याचे पैसे कुठून येणार, नोंद कोणत्या वहीत राहणार, हे ठरलेलं नसलं तर ते काही महिन्यांत कपडा टाकून झाकलं जातं. क्लोरिन वापरून पाणी शुद्ध होत असेल, तर नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक राहिलेलं) मिळायला हवं, आणि ते साध्या तपासणी संचाने शाळेतली मुलंसुद्धा मोजू शकतात. तो मोजलेला आकडा हीच दर महिन्याची बातमी. देणगीदाराच्या नावाच्या पाटीपेक्षा मला ती वही जास्त मोलाची वाटते.

या सगळ्यामागे एक जुनं सूत्र आहे. शिकागोत 1905 मध्ये पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सहकारी एकत्र आले आणि रोटरीचा पहिला क्लब सुरू झाला, तेव्हा हेतू मुख्यतः ओळखी आणि परस्परांचा व्यवसाय हाच होता. समाजासाठी त्या क्लबने जे पहिलं काम हाती घेतलं, ते 1907 मधलं: शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं हवीत म्हणून इतर संस्थांना आणि नगरप्रशासनाला एकत्र आणणं. क्लबने स्वतः विटा रचल्या नाहीत. ज्यांचं ते काम होतं त्यांना एका टेबलाशी बसवलं. लायन्सच्या इतिहासातली पांढऱ्या काठीची गोष्टही तशीच आहे. 1930 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या लायन्स क्लबचे जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना अडखळताना पाहिलं. त्याची काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवायची आणि तिला लाल पट्टा द्यायचा, ही कल्पना क्लबने उचलली. काठ्या वाटून ते थांबले असते, तर ती एका दिवसाची बातमी झाली असती. त्यांनी पांढरी काठी घेतलेल्या माणसाला रस्त्यावर आधी वाट मिळावी, असा नियम शहराकडून करून घेतला. त्या नियमामुळे काठीला अर्थ आला. तुमच्या प्रत्येक उपक्रमाबाबत विचारा: यात काठी कोणती आणि नियम कोणता? दिव्यांगांसाठी खुर्ची दिलीत, तर सार्वजनिक इमारतीला उतार आहे का? शाळेला पुस्तकं दिलीत, तर वाचनाचा तास वेळापत्रकात आहे का? असा एक बदल घडवून आणायला वर्ष लागतं, पण त्या वर्षभरात प्रत्येक महिन्याला सांगण्यासारखं काहीतरी नवं असतं.

बातमी कशी लिहावी, हे आता सांगतो. पहिल्या वाक्यात कोणाच्या आयुष्यात काय बदललं किंवा काय अडलं आहे ते लिहा. मान्यवरांची नावं शेवटी, एका ओळीत. आभारप्रदर्शन, दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन यांना वार्तापत्रात जागा नको. ज्यांनी ती कामं केली त्यांचे आभार सभेत समक्ष माना, ते त्यांना अधिक आवडतं. सहयोगी संस्थांची नावं मात्र आवर्जून आणि अचूक द्या. दुसऱ्याच्या कामावर आपल्या क्लबचं बोधचिन्ह मोठं आणि त्यांचं लहान छापलं, की पुढच्या वेळी ते सोबत येत नाहीत. प्रत्येक उपक्रमाखाली जमा आणि खर्च दोन ओळींत द्या. देणगीदार हे सगळ्यात आधी वाचतात.

आकड्यांबाबत फार कडक राहा. हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये आपल्या कंपनीसाठी तयार केलेली आणि रोटरीने 1943 मध्ये स्वीकारलेली चार प्रश्नांची कसोटी आहे; तिचा पहिलाच प्रश्न हे सत्य आहे का, असा आहे. सभेत तो म्हटला जातो, वार्तापत्राच्या टेबलावर मात्र क्वचितच विचारला जातो. शाळेत आरोग्यावर भाषण झालं आणि शाळेत 900 मुलं आहेत, म्हणून "900 लाभार्थी" लिहू नका. एकच माणूस रक्तदाब, साखर आणि डोळे अशा तीन टेबलांवर गेला, तर तो एकच माणूस. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लबांच्या विभागाच्या, अहवालात आणि पुरस्कारांच्या अर्जांत मोठ्या आकड्यांना गुण मिळतात आणि मोह होतो, हे मला ठाऊक आहे. पण परिसरातली माणसं तुमच्या बातमीतला आकडा आणि डोळ्यांसमोर पाहिलेली गर्दी ताडून पाहत असतात. एकदा विश्वास उडाला, की नंतरच्या खऱ्या आकड्यांनाही किंमत राहत नाही.

फोटोंबद्दल माझा आग्रह अधिक आहे. मदत घेणाऱ्या माणसाला पिशवी हातात देऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. त्या क्षणी त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथे विचारलेली परवानगी ही परवानगी नव्हेच. फोटो घ्यायचा असेल तर वस्तू देण्याआधी, वेगळ्या माणसाने विचारावं आणि नकार दिला तरी मदत तशीच मिळेल हे सांगावं. मुलांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय नकोत. रुग्णाचं नाव आणि आजार एकत्र कधीच छापू नका. त्याऐवजी काम दाखवा: माप घेणारे हात, नळाशी क्लोरिन तपासणारी मुलं, दुरुस्ती चाललेलं यंत्र. असे फोटो लोक थांबून पाहतात, कारण ते रोज दिसणाऱ्या रांगेतल्या फोटोंसारखे नसतात.

सभासद का गळतात, याचं बरंचसं उत्तर वर आलंच आहे. नवा माणूस क्लबात येतो तो काहीतरी हातून घडावं म्हणून. त्याला पहिले सहा महिने फक्त टाळ्या वाजवायला बसवलं, तर तो वर्गणी भरतो आणि गप्प निघून जातो. रोटरीची मूळ कल्पनाच वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं एकत्र आणण्याची होती, आणि ती आजही क्लबची खरी ताकद आहे. हिशेबनिसाला सहयोगी संस्थेचे हिशेब लावून द्यायला सांगा, इलेक्ट्रिशियनला शाळेच्या वायरिंगची तपासणी, शिक्षिकेला वाचनवर्गाची आखणी. पैसे दुसरं कुणीही देऊ शकतं. एवढी वेगवेगळी कौशल्यं एका खोलीत क्वचितच सापडतात. आणि त्या खोलीत कोण नाही, हेही पाहा. रोटरीचं सभासदत्व स्त्रियांना सर्वत्र खुलं झालं ते 1989 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1987 च्या निकालानंतर. तोवर जगभरातल्या क्लबांनी स्त्रियांच्या आरोग्याचे, पाण्याचे, मुलांच्या शिक्षणाचे प्रकल्प स्त्रियांना न विचारता ठरवले होते. आज नियम बदलला आहे, पण ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांना ठरवण्याच्या बैठकीला बोलावण्याची सवय अनेक क्लबांत अजून रुजलेली नाही. दोन-तीन जणांना बोलवा आणि पहिला अर्धा तास फक्त त्यांनाच बोलू द्या.

राहिला वर्षबदलाचा प्रश्न. रोटरी आणि लायन्स दोन्हींचं वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपतं. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवं घोषवाक्य, नवे प्रकल्प. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या कामाची तीन महिन्यांनंतरची बातमी द्यायची वेळ येते तेव्हा ती देणारं मंडळच बदललेलं असतं. म्हणून प्रकल्प संचालक तीन वर्षं तोच राहावा, आणि मावळते, सध्याचे आणि पुढचे असे तिन्ही अध्यक्ष मिळून चालू प्रकल्पांची एकच यादी ठेवावी, असा ठराव संचालक मंडळात करून घ्या. नव्या अध्यक्षाने निदान निम्मी ताकद जुन्या कामांवर लावावी. हे पटवायला तुमच्याकडे वार्तापत्र आहे: जुना प्रकल्प पुढे नेल्याची बातमी नव्या उद्घाटनाच्या वर छापा.

पदग्रहणाच्या आधी एवढं करा. गेल्या वर्षीचे सगळे अंक काढा, त्यांतले तीन उपक्रम निवडा, आणि जिथे ते झाले तिथे स्वतः जा किंवा फोन करा. यंत्र चालू आहे का, रोपं जगली का, शस्त्रक्रिया झालेल्यांना दिसतंय का, ते विचारा. जे कळेल ते तुमच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान. एखादं यंत्र बंद निघालं, तर बंद आहे असंच लिहा, आणि त्याच परिच्छेदात ते कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार आहे त्या सभासदाचं नाव द्या. नाव छापण्याआधी त्याला विचारा, आणि दिलेल्या तारखेनंतरच्या अंकात त्या यंत्राची जागा राखून ठेवा.